शेवटच्या घटकेचा मजूर

मास्तरकी म्हणजे मोजण्याचा धंदा. गेली कित्येक वर्षे मी मुलांच्या वह्यांवर आकडे मांडीत आलो आहे. म्हणूनच की काय, बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानातली द्राक्षमळ्याची गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो; दिवसाला एक दीनार ठरतो. पुढे तो पुनःपुन्हा बाजारात जातो आणि रिकाम्या उभ्या माणसांना मळ्यात धाडतो. दिवस मावळायला तासभर उरला असतानासुद्धा! संध्याकाळी शेवटी आलेल्याला एक दीनार, आणि दिवसभर उन्हात राबलेल्यालाही एकच. राबणारे कुरकुरतात. माझ्यातला मास्तर त्यांच्याच बाजूने उभा राहतो.

परंतु दीनार म्हणजे काय? त्या काळच्या मजुराचा एक रोज. म्हणजेच घरची चूल. बापाला काम उशिरा मिळाले म्हणून पोरांची भूक काही कमी होत नाही. धन्याने ती भूक पाहिली, आणि पहाटेच्या मजुराची ठरली मजुरी कवडीनेही कापली नाही. ईश्वराच्या या न मोजणाऱ्या प्रेमाला ख्रिस्ती लोक ‘कृपा’ म्हणतात. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. पुढे केडगावचे मुक्तिसदन त्यांचे घर झाले. त्या मुलींनी असे काय कमावले होते? त्या भुकेल्या होत्या, एवढेच.

मग चांगले वागावे तरी कशाला? याचे उत्तर मला गोष्टीतच सापडते. ‘कोणी बोलावील का?’ या विवंचनेत दिवसभर बाजारात ताटकळणे हे काही सुख नव्हे. पहाटेच्या मजुराला सकाळपासूनच रात्रीच्या भाकरीची खात्री होती. त्याचा अधिक लाभ तोच. दुसऱ्याला कमी मिळाले तरच आपले पुरते, हा हिशेब त्याने स्वतःच मांडला आणि भरल्या हाताने तो दुःखी झाला.

शाळेत मी गुण मोजूनच देणार. त्याखेरीज शाळा चालायची नाही. पण घर त्या हिशेबावर चालत नाही. दिवाळीला उशिरा पोहोचलेल्या मुलाला आई अर्धीच करंजी वाढते काय? आणि आधी येऊन जेवायला बसलेल्या भावाने त्याचे ताट मोजावे, की उठून त्याच्यासाठी पाट मांडावा?