भिंत, आकाश आणि शब्द
घरीच ध्वनिमुद्रणाची खोली बांधताना जिप्सम बोर्डाचे दुहेरी थर, त्यांमागे रॉकवूल आणि जुन्या भिंतीला न टेकणारा सांगाडा उभारला, तरी दाराखालची फट सारे श्रम वाया घालवते, कारण ध्वनीला हवेची वाट पुरते. ध्वनीचा हाच प्रश्न भारतीय दर्शनांतही येतो. वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी शब्द (ऐकू येणारा आवाज) हा आकाशाचा, म्हणजे सर्वव्यापी अखंड द्रव्याचा, गुण मानला. मग भिंत त्याला अडवते कशी, हा प्रश्न त्यांच्यापुढे खरोखर अवघड आहे. मीमांसा या दुसऱ्या दर्शनाचे उत्तर अधिक पटते: वर्णरूप शब्द नित्य असून वायूची हालचाल, म्हणजे ध्वनी, त्याला केवळ प्रकट करते, आणि भिंतीने थांबते ती ही अभिव्यक्तीच. मात्र बाहेरचा ध्वनी भिंतीने थांबला, तरी आतला उरतोच: १९५१ च्या सुमारास हार्वर्डच्या प्रतिध्वनिरहित कक्षात संगीतकार जॉन केज यांना स्वतःच्या देहाचेच आवाज ऐकू आले. ऐकणारा आत असेतोवर पूर्ण निःशब्दता कोणत्याही बांधकामाला साधत नाही.