ओडियातला ‘व’ आणि त्याचे संकेतांक

ओडिया लिपीत ‘व’साठी दोन अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये ती ४.० या आवृत्तीत, २००३ साली आली. त्याआधी त्यांची वाण फारशी जाणवत नव्हती, कारण संस्कृत ‘वन’ ओडियात ‘बन’ असेच लिहितात आणि तसेच म्हणतात. पहिले अक्षर ‘ब’ला बिंदू देऊन, ‘बव’ आणि ‘बब’ वेगळे दाखवण्यासाठी अभ्यासकांनी घडवले. व्यवहारात ते जवळजवळ नाहीच. दुसरे फारसी-अरबी किंवा इंग्रजी शब्दांतल्या ‘व’साठी चालते, आणि दिसते ‘ओ’च्या पोटाखाली ‘ब’ जोडल्यासारखे.

भारतीय लिप्यांचे तक्ते युनिकोडने इस्की या भारतीय मानकाच्या धर्तीवर समांतर आखले. देवनागरीच्या संकेतांकात ५१२ मिळवले की ओडियातले जोडीचे अक्षर मिळते. ‘व’च्या जोडीचे घर बिंदूवाल्या अक्षराला मिळाले, प्रत्यक्ष वापरातले अक्षर अंकांच्याही पलीकडे, ०बी७१ या घरात गेले. त्यामुळे केवळ बेरीज करून लिप्यंतर करणारा प्रोग्राम ‘वन’ हा शब्द अशा अक्षराने लिहितो, जे सामान्य ओडिया माणूस लिहीत नाही.

खरा घोळ जोडाक्षरांत आहे. ‘स्वर’ शब्दात ‘स’खाली लागते ते चिन्ह ‘ब’चे, उच्चार मात्र ‘व’चा. ‘कंबल’ ओडियात ‘म’ला तेच चिन्ह जोडून लिहितात, तिथे उच्चार ‘ब’च. यावर हमखास दिला जाणारा सल्ला असा, की बोलतो तसे टंकावे : ‘स्वर’मध्ये हलंतानंतर ०बी७१, ‘कंबल’मध्ये ‘ब’. सल्ला सोपा आहे आणि उथळही. कागदावर दोन्हीकडे एकच खूण असते. ती कोणत्या संकेतांकाची, हे ठरवायला आधी शब्द ओळखावा लागेल. जुने पुस्तक संगणकावर उतरवणाऱ्याला अक्षर नव्हे, उच्चारकोश वाचावा लागेल. शिवाय उच्चार हाच निकष, तर ‘वन’मधला ‘ब’ आणि ‘बल’मधला ‘ब’ एकच ठरतात आणि बिंदूवाल्या अक्षराची गरज उरत नाही. पण ते अक्षर तर हा सल्ला देणाऱ्यांनाच हवे असते. निकष सोयीनुसार बदलला की तो निकष राहत नाही. युनिकोडचे मानक या ठिकाणी हलंत आणि ‘ब’ असा क्रम सांगते. ऐतिहासिक घडण तीच आहे, हे त्याचे कारण, आणि ते पुरेसे आहे.

मग घडण इतकी महत्त्वाची, तर ०बी७१ची ‘ओ’ आणि ‘ब’ अशी फोड का नाही, असे विचारता येते. उत्तर थोडक्यात : ओडियात स्वर आणि व्यंजन असे जोडले जात नाहीत. अक्षराचा आकार कशातून आला ही एक गोष्ट, लिहिणारा त्याला काय समजून लिहितो ही दुसरी. संकेतांक दुसऱ्या गोष्टीला द्यायचा असतो. मराठी वाचकाला हे ‘ॲ’वरून पटावे. ते ‘अ’वर चंद्र ठेवून झालेले दिसते, तरी २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला आणि तो फुटत नाही. ‘स्वर’मधली खूण लिहिणारा ‘ब’ म्हणून जोडतो की ‘व’ म्हणून, हे आज निर्विवाद राहिलेले नाही, एवढे मान्य करावे लागते. पण परंपरेचा कौल ‘ब’कडे आहे.

‘फॉन्ट सांभाळून घेईल’ हा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा नाही, कारण फॉन्ट नेमके तेच करतात आणि दोष झाकतात. हलंतानंतर ‘ब’ असो वा ०बी७१, दोन्ही क्रम पडद्यावर बहुधा हुबेहूब दिसतात. प्रत्यक्षात हलंत आणि ०बी७१ हा क्रम भरपूर रूढ झाला आहे. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोहोंना एक मानत नाही, त्यामुळे ‘विश्व’ एका क्रमाने शोधले तर दुसऱ्या क्रमाने लिहिलेले पान सापडत नाही. याची दुरुस्ती शोधयंत्रात आणि शब्दशुद्धीच्या साधनांत करता येते : तुलना करताना, फक्त हलंतानंतर, ०बी७१ला ‘ब’ समजावे. शब्दारंभी तसे केल्यास परभाषेतला ‘व’ पुसला जाईल.