बंद हाऊसिंगमधला आवाज

जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या अ‍ॅक्सलमधून येणारी घरघर ऐकून मिस्त्री म्हणतो, क्राउन-पिनियन गेलंय. हाऊसिंग अजून बंद असतं, आतला एकही दात कुणी पाहिलेला नसतो. मग हे त्याला कळलं म्हणायचं, की नुसतं वाटलं? भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घातला, आणि तो केवळ तर्कशास्त्रापुरता उरला नाही. दिसणाऱ्या कार्यावरून न दिसणाऱ्या कारणापर्यंत जाता येतं, हे एकदा मान्य केलं की नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, त्याच वाटेने ईश्वरापर्यंत पोचतात. जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता लागतो, म्हणून जगालाही कर्ता आहे. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ही मांडणी जितक्या ताकदीने केली तितकी क्वचितच कुणी केली असेल. माझं म्हणणं असं की मिस्त्रीचं अनुमान हे पुऱ्या अर्थाने ज्ञान आहे, ईश्वराचं अनुमान मात्र त्याच्या पंक्तीला बसत नाही, आणि हे मान्य केल्याने श्रद्धेचं काहीही जात नाही.

असा मिस्त्री भिवंडीत भेटतो. भिवंडी हे यंत्रमागांचं आणि गोदामांचं गाव. कल्याण नाका, अंजूरफाटा, पुढे मुंबई-नाशिक महामार्ग, सगळीकडे मालाने लादलेल्या ट्रक-टेम्पोंची ये-जा. अशा गाड्यांत सगळा ताण मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनीही मागच्या चाकांवरच चालणारी, त्यामुळे ट्रकचा डिफरन्शियल जाणणाऱ्या हाताला तिचा अ‍ॅक्सल परका नसतो. मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून ती ३० ऑक्टोबर २०२३पासून बाद झाली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली होती. आता उरलेल्या गाड्या मुख्यतः हौसेने जपलेल्या आहेत. त्यात क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकं जोडीनेच घासून जुळवलेली असतात. एक बदलायचं तर दुसरंही बदलावं लागतं, आणि उत्पादन बंद पडलेल्या गाडीची चांगली जोडी सहज मिळत नाही. म्हणून इथे निदान चुकलं तर ते महागात पडतं. बोलाची कढी आणि बोलाचा भात इथे चालत नाही.

हे निदान होतं कसं, ते नीट पाहिलं पाहिजे, कारण सगळा वाद तिथेच आहे. आवाज टायरचा असेल तर डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर जाताच तो बदलतो. इंजिनाचा असेल तर त्याच वेगात गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की तो पडतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर चढतो, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला म्हणून त्यात फारसा फरक पडत नाही. वळणावर एका बाजूवर भार आला की तो कमी-जास्त होतो. डिफरन्शियलच्या पोटातले छोटे गिअर सरळ रस्त्यावर आपापल्या आसाभोवती फिरतच नाहीत. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी, तेव्हाच त्यांना काम पडतं. म्हणजे सरळ रस्त्यावरच्या आवाजाचा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही. क्राउन-पिनियनच्या दातांना मात्र दोन बाजू असतात. गाडी ओढताना एका बाजूवर जोर येतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर दुसरीवर. सरळ रस्त्यावर ताण बदलताच घरघरीचा सूर बदलत असेल, तर संशय तिथे जाऊन थांबतो. मग ड्रेन प्लग काढून नव्वद नंबरचं ऑइल बघायचं: बारीक करडा गाळ ही नेहमीची झीज, पण लोखंडाचे कपचे निघाले तर आत काहीतरी तुटलं आहे. न्यायसूत्रांनी अनुमानाचे तीन प्रकार सांगितले, त्यातल्या ‘शेषवत्’चा एक अर्थ भाष्यकार वात्स्यायनांनी असाच दिला आहे: शक्य ती कारणं एकेक करून बाद करायची आणि जे शेष राहील ते स्वीकारायचं. नैयायिकांचा दुसरा इशाराही इथे लागू पडतो. जिथे अग्नी तिथे धूर, हा नियम खरा नाही, कारण त्याला ओल्या लाकडाची अट आहे. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. ‘घरघर आहे, म्हणजे क्राउन गेलं’ हा नियमही तसाच खोटा. कच्चा कारागीर त्यावर विसंबतो. खरा उस्ताद अट शोधून काढतो आणि ताणाबरोबर बदलणाऱ्या आवाजालाच हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, मानतो.

प्रत्यक्षालाच प्रमाण मानणारा चार्वाक म्हणेल, एवढी यातायात कशाला? उघडा आणि डोळ्यांनी पाहा. प्रत्यक्षापुढे अनुमानाची काय मातब्बरी? आक्षेप जोरकस आहे, पण अ‍ॅक्सलपाशी तो टिकत नाही. हाऊसिंग उघडल्यावर दिसतात ते काळवंडलेले, तेलाने माखलेले दात. क्राउन आणि पिनियन यांच्यातला प्ले साधारण मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतका ठेवायचा असतो. तो नुसत्या डोळ्याला कळत नाही, डायल गेज लावून त्याच्या काट्यावरून ताडावा लागतो. दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात तेही दिसत नाही. त्यासाठी काही दातांना शेंदूर फासायचा, क्राउनला किंचित अडवून पिनियन फिरवायचं आणि शेंदूर कुठे पुसला गेला ते बघायचं. ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत गेलेलं आहे. मग शिमची, म्हणजे मधल्या पातळ चकतीची, जाडी बदलायची, पुन्हा शेंदूर, पुन्हा ठसा. ज्याला आपण ‘पाहिलं’ म्हणतो त्यातही खुणेवरून कारणाकडे जाणं आहेच. आणि रस्त्यावरचा खरा भार टेबलावर येत नाही, तो तर कायम अनुमानाचाच विषय राहतो. सगळं अनुमान फेटाळणाऱ्याला दुरुस्ती करता येणार नाही. फार तर गाडी सुटी करून ठेवता येईल.

मग ईश्वरानुमान का नाकारायचं? युक्तीचा आकार तर तोच आहे. फरक आकारात नाही, पणाला काय लावलं आहे त्यात आहे. मिस्त्रीचं अनुमान चुकू शकतं आणि चुकलं तर ते उघडं पडतं: जोडी बदलूनही घरघर राहिली, तर दोष दुसरीकडे होता. बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनी खऱ्या ज्ञानाची कसोटी म्हणून अर्थक्रिया पुढे केली, म्हणजे त्या ज्ञानाच्या भरवशावर केलेलं काम फळाला येतं की नाही. यावर कुणी म्हणेल की अणूही कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तरी त्याचं अनुमान विज्ञानाने मानलंच. खरं आहे, पण अणूच्या कल्पनेतून असे परिणाम निघत होते की जे प्रयोगात आले नसते तर ती कल्पना टाकून द्यावी लागली असती. ‘जगाला कर्ता आहे’ या विधानापुढे असा कुठला परिणाम ठेवता येईल? सुबत्ता असो की दुष्काळ, गाडी घरी पोचो की घाटात बंद पडो, विधान जसंच्या तसं उभं राहतं. शिवाय भांड्याला कुंभार लागतो हे आपण वारंवार पाहून शिकलो. जगं घडताना मात्र कुणी पाहिलेली नाहीत, मग व्याप्ती, म्हणजे खूण आणि कारण यांचा अटळ संबंध, बांधायची कशावर? सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराला पुरंदर नावाच्या चार्वाकाने अशीच सीमा आखली होती, असं बौद्ध पंडित कमलशीलांच्या टीकेतून कळतं: लोकव्यवहारात अनुमान चालेल, लोकापलीकडे नाही. चार्वाकांची इतकी टवाळी झाली की त्यांच्यातला हा समंजस माणूस आपल्या लक्षातच राहिला नाही.

सगळ्यांत गंभीर आक्षेप भाविकाचा आहे. प्रमाण काढून घेतलं तर भक्ती उघड्यावर पडेल, असं त्याला वाटतं. पण रामानुजाचार्यांसारख्या निस्सीम वैष्णवाने ‘श्रीभाष्या’त अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही असंच प्रतिपादलं, एवढं मोठं कार्य एकाच कर्त्याचं कशावरून, असाही प्रश्न केला. त्यांचा आधार श्रुती. ज्ञानदेव तर ‘अमृतानुभवा’त त्याहून पुढे जातात. शिवाने किंवा कृष्णाने सांगितलं एवढ्यासाठी मी हे मानत नाही, असं सांगून ते अनुभवाला पुढे करतात आणि शब्दप्रामाण्याचं खंडन करायला एक प्रकरण देतात. ज्यांच्या भक्तीवर कुणी शंका घेणार नाही, त्यांनीच सिद्धतेची कुबडी टाकली. खंडेनवमीला गॅरेजमधल्या जॅकला आणि पान्यांना हळदकुंकू वाहिलं जातं, तेव्हा कुणी काही सिद्ध करत नसतं. ज्याच्यावर पोट आहे त्याच्यापुढे हात जोडले जातात, आणि त्या नमस्काराला हेतू, व्याप्ती, दृष्टांत यांची गरज नाही. गरज आहे ती उलट बाजूने: अ‍ॅक्सल तुटला तर तो ग्रहांमुळे किंवा नजर लागल्याने तुटला असं कुणी सांगू लागला, तर त्याने मिस्त्रीच्या कसोटीला उभं राहावं, कारण आता तो हाऊसिंगच्या आतल्या गोष्टीबद्दल बोलतो आहे.

एक जागा मात्र उरते, आणि तिथे उदयनाचार्यांचंच ऐकावं लागतं. आजवर ताणाने दात झिजले म्हणून उद्याही झिजतील, हे कोणत्या प्रमाणाने कळतं? त्यांचं उत्तर असं की शंकेलाही हद्द असते. भूक लागल्यावर जेवणारा माणूस आपल्या कृतीनेच त्या शंकेला खोडून काढतो. माझ्या मते हे उत्तर बरोबर आहे, पण ते सिद्धता नव्हे, तो भरवसा आहे. नवी जोडी बसवून, ऑइल भरून, प्लग आवळणारा उस्ताद आणि त्याच्या शेजारी हात जोडणारा भाविक यांच्यात काही समान असेल तर तो हा भरवसाच आहे, अनुमान नव्हे.