आज्ञापालन आणि दोष

“सांगितलें तेवढें केलें” या उत्तरानें सांगणाऱ्याचें तोंड बंद होतें हें खरें. पण तेवढ्यानें करणारा निर्दोष ठरतो काय? नीतिशास्त्राच्या वर्गांत हा प्रश्न मीं पुष्कळ वेळां चर्चिला आहे. गेल्या उन्हाळ्यांत तो २ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याच्या रूपानें माझ्यापुढें येऊन पडला.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठीं चाळीस ब्रॅकेट हवे होते. आकृति काढण्याची मला हौस. म्हणून त्यांची फाईल मींच तयार करून भोसरीच्या एका कारखान्यांत धाडली. १९८२ सालीं निघालेली डीएक्सएफ नांवाची पद्धति या कामीं अजून चालते. तींतील रेघेमागून लेसरचा किरण निमूटपणें जातो. पत्रा वांकतांना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आंतली दबते, आणि मधल्या एकाच पातळीची लांबी कायम राहते. म्हणून बाहेरून ५०-५० मिलिमीटरांच्या दोन भुजांचा काटकोन हवा असेल व बांकाची आंतली त्रिज्या २ मिलिमीटर असेल, तर सपाट पत्रा १०० नव्हे, सुमारें ९६.४ मिलिमीटर घ्यावा लागतो. हा हिशेब मीं बिनचूक केला होता, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. चूक झाली ती अगदीं बाळबोध. घडीची रेघ मीं कापण्याच्या रेघांच्याच लेयरमध्यें ठेवली! चाळीस ब्रॅकेटांऐवजीं ऐंशी पट्ट्या हातीं आल्या.

“सर, फाईलींत रेघ होती, आम्हीं कापली,” कारखानदार म्हणाले. यंत्राला बोल लावण्यांत अर्थ नव्हता. घडी म्हणजे काय हें लेसरला ठाऊक नाहीं. पण यंत्र चालविणाऱ्या मुलास ठाऊक होतें. खोदून विचारतां तो म्हणाला, “शंका आली होती, पण गिऱ्हाइकाच्या नकाशाला हात लावायचा नाहीं असा आमचा नियम आहे.” हा नियम मूर्खपणाचा नाहीं. पूर्वीं कोणीं तरी चुकीचें वाटलेलें एक भोंक सद्भावनेनें सरकविलें, आणि सारा माल परत आला होता.

कसबा पेठेंतील तांबट आळींत मठारकाम करणारा कारागीर गिऱ्हाइकाची चूक मुकाट्यानें दुरुस्त करतो असें नाहीं. तो हातोडी थांबवून विचारतो. आज्ञा पाळणें आणि आज्ञा बदलणें यांच्यामध्यें विचारण्याची जागा आहे, आणि वरील नियमानें नकाशाला हात लावण्यास मनाई केली होती, टेलिफोनला नव्हे. हा युक्तिवाद मीं मोठ्या आवेशानें मांडूं लागलों, तोंच कारखानदारांनीं दरपत्रक पुढें केलें. त्यांत “नकाशा तपासणी” या नांवाची एक रक्कम होती, आणि ती माझ्याच हातानें खोडलेली होती. माझा नकाशा कोणीं तपासावा ही कल्पनाच तेव्हां मला अपमानास्पद वाटली होती. त्या मुलाचें मौन मीं, एका अर्थानें, घासाघीस करून मिळविलें होतें.

तरीही तो निर्दोष होता असें म्हणण्यास मन घेत नाहीं. पत्र्याचे पैसे मीं दिले. कापण्याची मजुरी त्यांनीं घेतली नाहीं. ती वांटणी न्याय्य झाली कीं नाहीं, याबद्दल आमच्या घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.