केसपेपरची अदलाबदल

वाईच्या एका दवाखान्यात सकाळी दोन पेशंट आले.

"नावं आठवत नाहीत हल्ली," निवृत्त मास्तर म्हणाले. "मेंदूला एखादं टॉनिक द्या." डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं ते मिनिटभर सोडलंच नाही. मग बीपी मोजलं, ईसीजी काढला. "बीपीची गोळी रोज घेता ना?"

"डोकं दुखलं तर घेतो."

पाठोपाठ एक काकू छाती धरून आत आल्या. त्यांचा ईसीजी बघताच डॉक्टरांनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत शेजारी बसून विचारलं, "घरात काही झालंय का?" काकूंना रडू फुटलं. पाठची बहीण परवाच गेली होती.

"डोक्याच्या पेशंटची नाडी बघतात आणि छातीच्या पेशंटला घरचं विचारतात," कंपाउंडर पुटपुटला. "साहेबांचे केसपेपर बदलले बहुतेक."

संध्याकाळी डॉक्टरांनीच त्याला समजावलं. मास्तरांच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. तिथे रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर पक्षाघात. अशा माणसाला त्याचा धोका सुमारे पाचपट. शिवाय वाढलेलं बीपी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब करतं, विसराळूपणा त्यातूनही येतो. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण प्राणवायू लागतो २० टक्के. तो पोचवायचा हृदयानेच.

काकूंच्या अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या, मात्र हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक फुगलं होतं. दुःखाच्या धक्क्याने अंगात ॲड्रेनलिन उसळतं आणि हृदयाचा स्नायू काही काळ दुबळा पडतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये या आजाराला 'ताकोत्सुबो' नाव दिलं.

"म्हणजे दुखणं मनाचंच होतं?"

"दुखणं हृदयाचंच. मनावर घेतलंय म्हणून घरी पाठवलं असतं, तर जिवावर बेतलं असतं."

मास्तरांना रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. बीपीचीही आता रोज घेतात. काकूंचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत झालं. आणि कंपाउंडर? डोकं गरगरतंय म्हणत कुणी आलं की तो आधी बीपीचा पट्टा काढतो, आणि छातीत धडधडतंय म्हणणाऱ्याला ईसीजीला झोपवता झोपवता विचारतो, "झोप लागते का? घरी सगळं ठीक ना?"

तात्पर्य : गाऱ्हाणं डोक्याचं असलं तरी नाडी बघावी, आणि छातीचं असलं तरी मनातलंही विचारावं.