कॅल्शियमचा अर्थ कोण लावतो?

१८८३ साली लंडनच्या सिडनी रिंगर यांनी दाखवले, की नळाच्या पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राहत नाही. किंचित कॅल्शियम मिसळले की राहते. मग जीव म्हणजे निव्वळ रसायन का? मला तसे वाटत नाही. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असते आणि दार उघडताच आत घुसते. रक्तवाहिनीच्या स्नायूत ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटते, वाहिनी आवळते. मज्जापेशीच्या टोकाशी सिनॅप्टोटॅग्मिन या दुसऱ्या प्रथिनाला चिकटते, निरोप पुढे जातो. आयन तोच, अर्थ वेगळा; तो ठरतो स्वीकारणाऱ्या रचनेत.

कोणी म्हणेल, ती रचनाही रेणूंचीच. खरे आहे, म्हणून आत्म्याचा पुरावा मी इथे शोधत नाही. तसे करणे श्रद्धेवरही अन्यायच. पण रेणूंची यादी म्हणजे त्यांची मांडणी नव्हे. मेलेल्या पेशीतही कॅल्शियम असते, उलट जास्तच. नसते ती आत-बाहेरची तफावत, जी जिवंत पेशी एटीपी हे इंधन खर्चून पंपांनी क्षणोक्षणी राखते. भूतांच्या संयोगातून चैतन्य येते हे चार्वाकांचे म्हणणे मला निम्मेच पटते, कारण संयोग एकदा होऊन भागत नाही. मरणानंतर एटीपी संपते, पंप थांबतात आणि काही तासांत हातपाय ताठरतात.