तुटलेला दुवा आणि दुरुस्तीची नीती

संदर्भ देणे ही वरकरणी तांत्रिक वाटणारी कृती तत्त्वतः एक वचन असते. ‘या विधानाचा आधार अमुक ठिकाणी आहे, तेथे जा आणि पडताळून पाहा’ असे वचन संहिता वाचकाला देते. वचन देणारा एक आणि ते ज्या वस्तूच्या भरवशावर दिले ती वस्तू दुसरी, हे या व्यवहारातील मूळ दुबळेपण होय. पोथी हरवते, ग्रंथालय स्थलांतरित होते, गावाचे नाव बदलते. वचन मात्र छापील पानावर तसेच उभे राहते. अशा वेळी दुवा तुटला असे म्हणतात. तो शोधणे कष्टाचे असले तरी अवघड नाही. प्रत्येक संदर्भाच्या मागे अखेरपर्यंत चालत जाण्याची तयारी असली की पुरते. अवघड आहे तो पुढचा प्रश्न : तुटलेला दुवा दुरुस्त करणाऱ्याचे कर्तव्य नेमके कोणते?

संगणकाच्या महाजालाने हा प्रश्न सर्वांच्या नित्य अनुभवाचा केला. तेथील संकेतव्यवस्था या बाबतीत अनपेक्षितपणे विवेकी आहे. पान कायमचे दुसरीकडे गेले असेल तर ३०१, सापडत नसेल तर ४०४, हेतुतः काढून टाकले असेल तर ४१० असे निरनिराळे अंक ती योजते. ‘हलले’, ‘सापडत नाही’ आणि ‘उरले नाही’ ही तीन विधाने एक नव्हेत, हे भान त्यात आहे. महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली पत्ते न बदलण्याचा आग्रह धरताना, पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात, याकडे लक्ष वेधले होते. परंतु खरा धोका या तिन्ही अंकांच्या बाहेर आहे. दुव्यावरून पान उघडते, सारे सुरळीत दिसते, फक्त तेथे मूळ मजकूर नसून दुसराच काही असतो. ४०४ हा अपयशाचा प्रामाणिक कबुलीजबाब आहे; हे उघडलेले पान म्हणजे यशाचा देखावा.

मराठी संहितापरंपरेत या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण बीडशी निगडित आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी बीड-पाटांगण येथे मिळालेल्या पोथीच्या आधारे १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ही पोथी एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे प्रतिपादन होते, आणि तिच्या भाषेवर त्यांनी ज्ञानेश्वरीच्या व्याकरणाची उभारणी केली. ‘राजवाडे संहिता’ हे नाव पुढे अभ्यासात रूढ झाले. मूळ पोथी मात्र आज अभ्यासकाच्या हाती नाही. तिच्या नाशाविषयी आख्यायिका तेवढी सांगितली जाते. म्हणजे ज्या आधाराकडे ही संहिता बोट दाखवते, तेथे जाता येत नाही.

येथे दोन सोपे मार्ग दिसतात आणि दोन्ही सदोष आहेत. पोथी नाही म्हणून संहिताच त्याज्य मानणे, हा पहिला. पण पुरावा हरवला म्हणून विधान खोटे ठरत नाही. दुसरा मार्ग पोथी जणू समोरच आहे अशा थाटात ‘पाटांगणच्या प्रतीत असा पाठ आहे’ असे लिहीत राहण्याचा. वस्तुतः पोथी गेली त्या क्षणी विधानाची जात बदलली. जे पडताळता येत होते ते आता केवळ साक्षीवर मानायचे आहे. म्हणून येथील दुरुस्ती दुव्याची नव्हे, वाक्याची आहे : ‘राजवाड्यांनी दिलेल्या वाचनानुसार’ एवढे तीन शब्द लिहिणे ही ती दुरुस्ती. दुसरी एखादी जुनी प्रत शोधून तिच्याकडे बोट वळवणे उपयुक्त ठरेल. मात्र ती पाटांगणची प्रत नव्हे, हे सांगितल्याखेरीज ते वळवणे फसवणूकच होय.

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप संभवतो. संहिता केवळ अभ्यासकासाठी नसते. पारायण करणाऱ्या वारकऱ्याला खंडांच्या खुणांनी भरलेला ग्रंथ नको, वाचता येईल असा सलग ग्रंथ हवा. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती याच गरजेतून. पाठांतरांमुळे बिघडलेला ग्रंथ त्यांनी पुन्हा वापरात आणला. ही दुरुस्ती झाली नसती तर परंपरेचा प्रवाह कदाचित क्षीण झाला असता. शिवाय आपण शुद्धी केली हे त्यांनी ग्रंथाअखेर नोंदवलेही. पण कोठे काय बदलले याची नोंद त्यांनी केली नाही. त्या काळाचा तो संकेत नव्हता, त्यामुळे तो दोष म्हणता येत नाही. परिणाम मात्र नाकारता येत नाही. राजवाड्यांना एकनाथपूर्व पोथीचा शोध घ्यावासा वाटला, त्याचे मूळ या न उरलेल्या नोंदींत आहे. सांधा इतका सफाईने बसला की तो कोठे आहे हे शोधण्यासाठी सव्वातीनशे वर्षांनी एका पंडिताला वणवण करावी लागली.

सलगता आणि सचोटी यांपैकी एकच निवडावी लागते, हे गृहीतक तपासायला हवे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वि. स. सुकथनकरांनी एक साधी युक्ती योजली. जो पाठ निश्चित नाही त्याखाली नागमोडी रेघ. श्लोक अखंड वाचता येतो आणि संपादकाची शंकाही डोळ्यांआड होत नाही. दुरुस्ती करावी, दुरुस्तीची खूण पुसू नये. नीतीचे सूत्र एवढेच आहे.

बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईस, या सूत्राचे एक मूर्त रूप आहे. दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय सुमारे ४० हात लांबीच्या कापडी पासोडीवर लिहिला. कापड जीर्ण होते. पण जेथे ते विरते तेथे विरलेले दिसते. ठिगळ लावले तर ठिगळही दिसते. कागदावर केलेल्या नकलेत हीच जागा लेखनिकाला सहज मिटवता येते, आणि संगणकाच्या पडद्यावर तर त्याहूनही सहज. माध्यम जितके गुळगुळीत, तितकी दुरुस्ती करणाऱ्याची जबाबदारी मोठी.

हा प्रश्न संपादकापुरता उरत नाही. दुसऱ्याच्या प्रबंधातून अवतरण उचलायचे आणि तळटीप मात्र मूळ ग्रंथाची द्यायची, ही विद्यापीठीय जगातील परिचित सवय तुटलेल्या दुव्याचीच एक जात आहे. तेथे दुवा कालौघात तुटत नाही. जन्मतःच तुटलेला असतो. न चाललेल्या वाटेची ग्वाही दिलेली असते. त्या वाटेने पुढचा अभ्यासक निघतो तेव्हा मूळ ग्रंथ कदाचित त्याला मिळेलही, अवतरण जुळेलही. तरीही वचन खोटेच होते. ते खरे निघाले हा केवळ योगायोग.